कॉम्प्युटरने काम केलं, पण आकडा का वाढत नाही? बोईंकवर नव्याने येणाऱ्यांसाठी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार, हे एव्हाना मराठवाड्यात सगळ्यांना माहीत झालंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. तेव्हापासून गुरुत्वीय लहरींबद्दल विचारणारी पोरं वाढली आणि त्यातली काही थेट ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’पर्यंत पोचली. अमेरिकेतल्या लायगोच्या डेटामध्ये सिग्नल शोधायचं काम २००५ पासून लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर वाटून देणारा हा प्रकल्प. पैसे लागत नाहीत, परीक्षा नाही, ओळख नाही. कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा तो तिकडचं गणित करतो आणि उत्तर परत पाठवतो.

हे काम बोईंक नावाच्या प्रोग्राममधून चालतं आणि तो बसवायला अवघड काही नाही. गोंधळ होतो तो दुसऱ्या दिवशी. रात्रभर पंखा घरघरला, टास्क शंभर टक्क्यांवर गेलं आणि खात्यावर क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, मात्र शून्य. मग फोन येतो, “काहून वाढत नाही हो आकडा? फसवतात काय?” फसवत कोणी नाही. काम होणं, पोचणं, तपासलं जाणं आणि दिसणं या चार वेगवेगळ्या वेळी घडणाऱ्या गोष्टी आहेत. आपलं काम त्यातल्या कुठल्या टप्प्यावर थांबलंय हे ओळखता आलं की बाकीचं सोपं आहे. ते कसं ओळखायचं, ते खाली टप्प्याटप्प्याने लिहितो.

काय काय लागेल

- विंडोज, लिनक्स किंवा मॅक असलेला कॉम्प्युटर. चार-पाच वर्षं जुना लॅपटॉपही चालतो.
- कायम वापरात राहील असा एक ईमेल. कॉलेजने दिलेला नको. कॉलेज संपलं की तो बंद होतो.
- इंटरनेट. मोबाईलचा हॉटस्पॉटही पुरतो, पण काही प्रकल्पांच्या फाइल मोठ्या असतात, त्यामुळे रोजचा डेटा किती जातो ते बघत राहा.
- कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ बरोबर असणं. जुन्या डेस्कटॉपचा सेल गेलेला असतो, लाईट गेली की घड्याळ मागे जातं आणि मग सर्व्हरशी बोलणीच होत नाहीत. दहा रुपयांच्या वस्तूपायी माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो.
- कॉम्प्युटर शाळेचा, कॉलेजच्या लॅबचा किंवा ऑफिसचा असेल तर लेखी परवानगी. तोंडी ‘चालतंय की’ यावर जाऊ नका.

आधार, पॅन, बँकेचा तपशील असलं काहीही लागत नाही. कोणी मागितलं तर तुम्ही चुकीच्या जागी आहात.

१. खातं उघडण्याआधी ठरवायच्या गोष्टी

नाव आणि ईमेल. खात्याचं नाव जगाला दिसतं, म्हणून पूर्ण नाव, गाव आणि जन्मवर्ष एकत्र टाकू नका. टोपणनाव पुरे.

ईमेलचं महत्त्व पुढे कळतं. बोईंक ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये तयार झालेली सामायिक व्यवस्था आहे. तिच्यावर आइनस्टाइन, रोझेटा, एलएचसी, क्लायमेटप्रेडिक्शन असे कितीतरी वेगवेगळे प्रकल्प चालतात. प्रत्येक प्रकल्पाचं खातं वेगळं आणि हिशेबही वेगळा. या सगळ्यांची बेरीज एका ओळीत दिसायला हवी असेल तर प्रत्येक ठिकाणी तोच ईमेल द्या, अक्षरन् अक्षर तोच. एकीकडे कॅपिटल आणि दुसरीकडे स्मॉल असंही करू नका.

२. प्रोग्राम बसवा

बर्कलीच्या अधिकृत पानावरूनच उतरवा. बसवल्यावर ‘अ‍ॅड प्रोजेक्ट’मध्ये जाऊन एक प्रकल्प निवडा. एकच! पहिल्याच दिवशी पाच प्रकल्प जोडले तर कुठलं काम कुठे अडकलंय ते कळायला मार्ग राहत नाही. मॅनेजर, म्हणजे बोईंकची खिडकी, साध्या रूपात उघडला असेल तर ‘व्ह्यू’मधून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करून घ्या. पुढे जे सांगतोय ते त्या रूपातच दिसतं.

सेटिंगमध्ये एक गोष्ट लगेच बघा: किती दिवसांचं काम साठवून ठेवायचं. हा आकडा अर्ध्या दिवसाच्या आसपास असू द्या. हावरेपणाने दहा दिवसांचं काम मागवलं की मुदत उलटते, आणि मुदतीनंतर गेलेल्या कामाला क्रेडिट मिळेलच असं नाही.

३. आपल्या कॉम्प्युटरवरची टास्कची यादी वाचा

‘टास्क्स’ टॅबमध्ये प्रत्येक कामापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते. क्रमाने सांगतो.

‘रेडी टू स्टार्ट’ म्हणजे काम आलंय, नंबर लागलेला नाही. ‘रनिंग’ म्हणजे चालू. ‘वेटिंग टू रन’ म्हणजे अर्धवट झालेलं काम बाजूला ठेवून दुसरं घेतलंय. हा बिघाड नाही. ‘अपलोडिंग’ म्हणजे उत्तराची फाइल जातेय. आणि मग येतं ‘रेडी टू रिपोर्ट’, जिथे नव्वद टक्के नवखे अडखळतात.

फाइल पोचवणं वेगळं आणि ‘हे काम मी पूर्ण केलं’ असं सर्व्हरला कळवणं वेगळं. बोईंक ही वर्दी लगेच देत नाही. सर्व्हरवर ताण नको म्हणून दोन-चार कामं जमू देतो किंवा नवं काम मागताना जोडीने कळवतो. साधारण तासाभरात हे आपोआप होतं. घाई असेल तर ‘प्रोजेक्ट्स’ टॅबमध्ये प्रकल्प निवडून ‘अपडेट’ दाबा. पण दर दोन मिनिटांनी दाबत बसू नका. सर्व्हर ‘मागची विनंती आत्ताच आली होती’ म्हणून परत पाठवतो आणि तुम्हाला वाटतं काहीतरी बिघडलंय.

नेट जाऊन-येऊन असेल तर अपलोडची पुढची खेप लांबत जाते: आधी मिनिटांनी, मग तासांनी. नेट स्थिर झाल्यावर ‘टूल्स’मधून ‘रिट्राय पेंडिंग ट्रान्सफर्स’ एकदा केलं की काम होतं.

सापळा: ‘प्रोजेक्ट्स’ टॅबमध्ये ‘रिसेट प्रोजेक्ट’ नावाचं बटण आहे. आकडा वाढेना म्हणून लोक ते दाबतात. त्याने काहीही दुरुस्त होत नाही. कॉम्प्युटरवर असलेलं सगळं अर्धवट काम, अगदी पाठवायला तयार असलेलंसुद्धा, पुसलं जातं. ‘अबॉर्ट’चंही तसंच. ही दोन बटणं नाहीतच असं समजून चाला.

४. प्रकल्पाच्या पानावर जा आणि वर्कयुनिट उघडून बघा

कॉम्प्युटरवरून टास्क गायब झालं की त्याचा पुढचा प्रवास प्रकल्पाच्या वेबसाइटवर दिसतो. लॉगिन करा, आपल्या खात्यात ‘टास्क्स’ उघडा. इथे वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री ११ ला पाठवलेलं काम तिथे संध्याकाळी ५:३० चं दिसेल आणि तिकडची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलेल. ‘आजचं काम कालच्या नावावर टाकलं’ ही तक्रार इथूनच जन्मते.

बहुतेक नव्या कामांपुढे ‘कम्प्लीटेड, वेटिंग फॉर व्हॅलिडेशन’ लिहिलेलं असतं. याचं असं आहे: प्रकल्पाला तुमचा कॉम्प्युटर किती विश्वासाचा ते ठाऊक नाही. तो तापलेला असेल, रॅम खराब असेल किंवा कोणी मुद्दाम खोटं उत्तर पाठवत असेल. म्हणून एकच काम दोघांना देतात आणि उत्तरं जुळली तरच खरं धरतात. आपल्या आडतीवर सोयाबीन टाकलं, काटा झाला, तरी ओलावा तपासून पट्टी हातात पडेपर्यंत पैसे मोजत नाही ना आपण, तसंच.

कामाच्या ओळीतल्या वर्कयुनिटच्या (सर्व्हरने वाटलेला कामाचा एक तुकडा) आकड्यावर क्लिक करा. समजा, आत तीन ओळी दिसल्या. पहिली तुमची: सोमवारी घेतलं, मंगळवारी परत दिलं, ‘व्हॅलिडेशन इन्कन्क्लुझिव्ह’. दुसरी कुणा परदेशी गड्याची: सोमवारीच घेतलं, शुक्रवारी दिलं, त्याच्यापुढेही तेच. तिसरी ओळ: शनिवारी पाठवलं, ‘इन प्रोग्रेस’, मुदत पुढच्या आठवड्याची. याचा अर्थ, तुमची आणि त्याची उत्तरं जुळली नाहीत म्हणून सर्व्हरने तिसऱ्याला विचारलंय. तिसऱ्याचं उत्तर तुमच्याशी जुळलं तर तुम्हा दोघांना क्रेडिट आणि त्या गड्यापुढे ‘इन्व्हॅलिड’. तोवर तुम्ही काय करायचं? काही नाही. तिसऱ्याने कॉम्प्युटरच बंद करून ठेवला तर मुदत संपेपर्यंत थांबायचं, मग चौथ्याला जातं. मुदती प्रकल्पानुसार काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असतात, त्यामुळे एखादं काम महिनाभर लटकणं अगदी शक्य आहे.

काही प्रकल्प जुन्या, भरवशाच्या कॉम्प्युटरला जोडीदाराशिवायही मान्यता देतात, अधूनमधून तपासणी करून. नव्या कॉम्प्युटरला ही सवलत नाही. म्हणूनच सुरुवातीचे दिवस कोरडे वाटतात.

ही दुहेरी तपासणी म्हणजे नुसती कटकट नाही. २०१० मध्ये आइनस्टाइन अ‍ॅट होमने अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटामधून एक नवा पल्सार (ठरावीक ठेक्याने लहरी सोडणारा तारा) शोधला, पीएसआर जे२००७+२७२२. तो सिग्नल ज्यांच्या कॉम्प्युटरवर सापडला ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक दांपत्य आणि जर्मनीतल्या माइन्त्सचा एक जण. कुठल्या कामाचं उत्तर कोणाच्या यंत्रावरून आलं याची नोंद होती म्हणून शोधाचं श्रेय त्यांच्यापर्यंत पोचलं. क्रेडिटचा आकडा त्याच नोंदवहीतून निघतो.

बाकीचे शेरे थोडक्यात. ‘एरर व्हाइल कॉम्प्युटिंग’ एखाद-दुसरं असेल तर सोडून द्या. ओळीने येत असेल तर कॉम्प्युटर तापतोय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे मुदत गेली. ‘इन्व्हॅलिड’ वारंवार दिसलं तर ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) केलेलं असल्यास ते आधी काढा.

सापळा: पूर्ण झालेल्या कामाच्या ओळी काही दिवसांनी यादीतून जातात, कारण प्रकल्प डेटाबेस साफ करतो. ओळ गेली म्हणून क्रेडिट जात नाही. एकूण बेरीज तशीच राहते.

५. एक क्रेडिट म्हणजे किती?

बोईंकच्या क्रेडिटला ‘कॉबलस्टोन’ म्हणतात. सेटी अ‍ॅट होमवर (परग्रहवासीयांचे सिग्नल शोधणारा प्रकल्प) काम केलेल्या जेफ कॉब यांच्यावरून हे नाव पडलं. व्याख्या अशी: सेकंदाला एक अब्ज दशांश-गणितं करणारा आदर्श कॉम्प्युटर दिवसभर चालला तर २०० क्रेडिट.

आधी असं नव्हतं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेटी अ‍ॅट होमच्या पहिल्या अवतारात किती वर्कयुनिटं पूर्ण केली तेच मोजत. पण सगळी वर्कयुनिटं सारखी नसतात आणि वेगवेगळ्या प्रकल्पांत तर मुळीच नाहीत, म्हणून गणिताच्या मापाने क्रेडिट द्यायचं ठरलं.

कागदावर हे माप सगळीकडे एक आहे. प्रत्यक्षात नाही, आणि हे माझं स्पष्ट मत आहे. आइनस्टाइन प्रत्येक प्रकारच्या कामाला ठरलेलं क्रेडिट देतो, दुसरे प्रकल्प चालू वेगावरून काढतात, आणि काही इतके सढळ हाताने देतात की त्यांचा आकडा बघून हसू येतं. ग्राफिक्स कार्ड असलेल्याची तर तुलनाच सोडा. म्हणून ‘माझे दहा हजार, तुझे दहा लाख’ हा वाद घालायचाच असेल तर एकाच प्रकल्पात, एकाच प्रकारच्या कामावर घाला.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडमध्ये आणखी एक पेच आहे. हा प्रकल्प आयबीएमने २००४ मध्ये सुरू केला आणि आता तो टोरांटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे आहे. त्यांचे ‘पॉइंट’ बोईंक क्रेडिटच्या सात पट असतात. शिवाय ते कामाचा वेळही दाखवतात आणि तो प्रत्येक कोअरचा वेगळा धरतात. चार कोअर दिवसभर चालले की वेळ चार दिवस. बिल्ले या वेळेवरच मिळतात: कांस्य १४ दिवसांना, हिरा ५ वर्षांना.

६. सरासरीचा आकडा, म्हणजे आरएसी

एकूण क्रेडिटशेजारी ‘रिसेंट अ‍ॅव्हरेज क्रेडिट’ असतं. ही साधी सरासरी नाही. जुन्या कामाचं वजन दर आठवड्याला निम्मं होत जातं. समजा तुमचा कॉम्प्युटर रोज नेमाने ४०० क्रेडिट कमावतो. पहिल्या आठवड्याअखेर आरएसी २०० च्या आसपास दिसेल, दुसऱ्याअखेर ३००, तिसऱ्याअखेर ३५०, चौथ्याअखेर ३७५. म्हणजे खरा वेग कळायला महिना लागतो. बंद केलं की उलट: आठवड्यात निम्मा, पुन्हा आठवड्यात निम्म्याचा निम्मा. गौरी-गणपतीला गावी गेलात आणि परत येऊन आरएसी घसरलेला दिसला तर यंत्र खराब झालेलं नाही. एकूण क्रेडिट मात्र कधीच घटत नाही.

७. सगळ्या प्रकल्पांची एकत्र बेरीज

बोईंकस्टॅट्स, फ्री-डीसी अशा स्वतंत्र वेबसाइट प्रकल्पांनी जाहीर केलेल्या आकडेवारीच्या फाइल घेऊन बेरीज मांडतात. या फाइल सहसा दिवसातून एकदा निघतात, त्यामुळे तिथला आकडा प्रकल्पाच्या पानापेक्षा मागेच असणार.

तिथे तुमचं नावच नसेल तर दोन कारणं शोधा. पहिलं म्हणजे संमती. २०१८ मध्ये युरोपात माहितीच्या गोपनीयतेचा कायदा लागू झाल्यापासून बरेच प्रकल्प ‘तुमचे आकडे बाहेर देऊ का?’ असं वेगळं विचारतात आणि उत्तर आधीपासून ‘नाही’ असतं. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘हो’ करा. दुसरं म्हणजे जोड. सगळ्या प्रकल्पांत तुम्ही एकच माणूस आहात हे एका सामायिक ओळख क्रमांकावरून कळतं. सारखा ईमेल असूनही दोन वेगळे तुम्ही दिसत असाल तर एका कॉम्प्युटरवर ते सगळे प्रकल्प जोडा आणि प्रत्येकाशी संपर्क होऊ द्या. काही दिवसांत क्रमांक एक होतो.

विंडोज नव्याने टाकलं की तोच लॅपटॉप दुसरा कॉम्प्युटर म्हणून दिसतो. खात्यातल्या कॉम्प्युटरच्या पानावर ‘मर्ज’ची सोय आहे.

८. टीम आणि प्रमाणपत्र

कॉलेजच्या मित्रांची टीम करायची असेल तर काम सुरू करण्याआधी करा. टीममध्ये येण्यापूर्वीचं क्रेडिट टीमला मिळत नाही, आणि टीम सोडली तरी तिथे कमावलेलं तिथेच राहतं.

प्रमाणपत्र हा आपल्याकडचा आवडता विषय! बोईंकच्या बऱ्याच प्रकल्पांत खात्याच्या पानावरून ते छापता येतं. त्यावर नाव आणि एकूण क्रेडिट असतं. छान दिसतं, पण ते इंटर्नशिपचं नाही. बायोडेटात ‘संशोधन अनुभव’ म्हणून लावू नका, मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडे पडाल.

९. लाईट, ऊन आणि बिल

लाईट गेली की काम शेवटच्या नोंदीपासून (जिथवरचं साठवून ठेवलेलं असतं तिथून) पुन्हा सुरू होतं. टास्कपुढे तीन तास चाळीस मिनिटं होती आणि आता तीन तास बावीस दिसतायत, एवढाच फरक. पण दर अर्ध्या तासाने लाईट जात असेल आणि प्रकल्पाच्या नोंदी लांब अंतराने होत असतील तर काम तिथल्या तिथेच फिरत राहतं. अशा गावात लॅपटॉप बरा.

एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी हे चालू ठेवू नका. सेटिंगमध्ये रात्री ११ ते सकाळी ७ अशी वेळ ठरवून देता येते. निम्मेच कोअर वापरा. तापलेला प्रोसेसर चुकीची उत्तरं देतो आणि ती ‘इन्व्हॅलिड’ होऊन परत येतात. वीज गेली, क्रेडिटही गेलं.

बिलाचं साधं गणित: १०० वॉट खेचणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. घरचा वापर आधी ऐंशी-नव्वद युनिटांचा असेल तर महावितरणचा शंभरचा टप्पा ओलांडला जातो आणि पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. रात्रीचे आठ तासच चालवलं तर २४ युनिट. घरात बिल जो भरतो त्याला आधी सांगा.

१०. बोईंकबाहेर गेलात तर

फोल्डिंग अ‍ॅट होमचा (प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा प्रकल्प) हिशेब निराळा आहे. तिथे काम जितकं लवकर परत कराल तितका बोनस जास्त. पण त्यासाठी ‘पासकी’ (तुमची ओळख पटवणारा एक संकेत) घ्यावी लागते, तिच्यावर १० कामं पूर्ण व्हावी लागतात आणि किमान ८० टक्के कामं वेळेत परत गेलेली असावी लागतात. पासकी न टाकता महिनोन्‌महिने चालवणारे लोक आहेत.

मोठ्या अविभाज्य संख्या शोधणारा गिम्प्स हा प्रकल्प १९९६ पासून चालू आहे. तो ‘गिगाहर्ट्झ-दिवस’ मोजतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातून ४,१०,२४,३२० अंकी अविभाज्य संख्या सापडली. आकडे बघायची घाई असणाऱ्याला तो झेपत नाही. एकेक तपासणी साध्या कॉम्प्युटरवर खूप दिवस चालते.

११. बंद करायचं असेल तर

थेट अनइन्स्टॉल करू नका. आधी ‘नो न्यू टास्क्स’ दाबा, हातातली कामं संपू द्या. सगळी अपलोड झाली की ‘अपडेट’ करून रिपोर्ट करा, टास्कची यादी रिकामी झालेली बघा आणि मग ‘रिमूव्ह’. नाहीतर तुमच्या जोडीदाराला तुमची मुदत संपेपर्यंत ताटकळत बसावं लागतं. खातं आणि त्यावरचं क्रेडिट तसंच राहतं. सेटी अ‍ॅट होमने मार्च २०२० अखेर नवं काम वाटणं थांबवलं, तरी त्या काळात कमावलेले आकडे लोकांच्या एकूण बेरजेत अजून मोजले जातात. तुम्ही दोन वर्षांनी परत आलात तरी तोच ईमेल टाकून जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करता येतं. फक्त पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा.